चहापुरता जाळ : पाठीवरच्या स्टोची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज आली तर आली नाहीतर नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात पांढरकवड्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, हायकिंगला न्यायला हलका स्टोव्ह घ्यायचा आहे. पंधरा व्हिडिओ पाहिले, आता काहीच सुचत नाही. तुम्ही सांगा." आता आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यात खरेदीचा सल्ला कुठे बसवू? पण उत्तर लिहायला बसलो तर पहिल्या ओळीत स्वीडन आलं, दुसरीत एव्हरेस्ट आणि तिसरीत आपलं पुसद. मग म्हटलं, एपिसोडच करू.

तर आधी माझीच एक गोष्ट. आजवर इथे सांगितली नाही, कारण तिच्यात मी मूर्ख ठरतो.

कॉलेजचं दुसरं वर्ष, मार्च महिना. आम्ही चौघं मित्र पुसदकडच्या डोंगरात फिरायला गेलो होतो. एका मित्राच्या मामाच्या शेतावर मुक्काम, सकाळी उठून मागची टेकडी चढायची, एवढाच बेत. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर सागाचं जंगल सुरू होतं. वर पोचलो आणि चहाची तल्लफ आली. पातेलं होतं, चहापत्ती होती, दुधाची पावडर होती. तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, काडी लावली. आम्हाला काय, फोटो काढायचे होते.

मार्चमधला साग तुम्ही पाहिला असेल. झाडावर पान नाही, सगळी पानं खाली. एकेक पान सुपाएवढं, आणि पाय पडला की पापडासारखं मोडतं. वाऱ्याची एक झुळूक आली, चुलीतलं एक पेटलेलं पान उचललं गेलं आणि पंधरा फुटांवर जाऊन पडलं. आम्ही हसलो. मिनिटभरात घराच्या अंगणाएवढी जागा पेटली होती. सिनेमात दाखवतात तसा धडाडून जाळ नव्हता तो. गुडघ्याएवढासुद्धा नाही. पण सरपटत होता, आणि आम्ही एका बाजूनं पायानं विझवावं तर दुसऱ्या बाजूनं पुढे जात होता. प्यायच्या पाण्याच्या चार बाटल्या ओतल्या. चार बाटल्यांनी काय होतं?

खालच्या अंगाला बकऱ्या चारणारा एक म्हातारा माणूस धावत आला. त्यानं आगीकडे पाहिलंच नाही आधी. आगीच्या दहा पावलं पुढे जाऊन काठीनं पानं बाजूला सारत गेला, जमीन उघडी केली. मग हिरव्या डहाळ्या तोडल्या, एकेक आमच्या हातात दिली आणि मारायला लावलं. अर्ध्या तासात विझलं. तो त्याच्या कामाला लागण्याआधी एवढंच म्हणाला, "चहाच पायजे होता त घरी याचं होतं लेकहो. येवढ्या पानात कोनी इस्तो टाकते का?"

ती जी उघड्या जमिनीची पट्टी त्यानं काढली, तिला वनखात्याच्या भाषेत जाळरेषा म्हणतात, हे मला नंतर कळलं. दरवर्षी वणव्याच्या हंगामाआधी जंगलातून अशा जाळरेषा काढतात. आपल्याकडे तो हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. म्हणजे आम्ही ऐन हंगामात चहा करायला बसलो होतो.

घरी आल्यावर कायदा वाचला. भारतीय वन कायदा, 1927, कलम 26. वन अधिकाऱ्यानं जाहीर केलेला हंगाम सोडून राखीव जंगलात आग पेटवणं, ठेवणं किंवा नुसती घेऊन जाणं, हाही गुन्हा. अभयारण्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्यात आणखी वेगळं कलम आहे. आणि नीट लक्ष द्या बरं का, कायद्याला तीन दगडांची चूल आणि तुमचा दहा हजारांचा टायटॅनियमचा स्टो यांत फरक दिसत नाही. दोन्ही आगच.

आता हा 1927 चा कायदा आपल्या जिल्ह्याला चांगला ओळखीचा आहे. 1930 साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न होता, आपण काय उचलायचं? समुद्र शेकडो मैल लांब. पण जंगल होतं, आणि त्या जंगलातलं गवत कापायला, सरपण आणायला, गुरं चारायला सरकारचा परवाना लागत होता. वणीचे माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे, यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापलं आणि अटक करवून घेतली. जंगल सत्याग्रह तो हाच. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे सत्याग्रह झाले. 25 सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला तर गोळीबार झाला, माणसं मेली.

मी हे का सांगतोय? कारण ज्या डोंगरात आम्ही फोटोसाठी काटक्या जाळल्या, त्या काटक्यांवर कोणाचा हक्क यासाठी लोक तुरुंगात गेले होते. आणि आजही त्याच जंगलातून डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाया दिसतात. केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडच्या कोलाम पोडांवर जा, चूल अजून सरपणावर पेटते. त्यांचं सरपण ही गरज आहे. माझा चहा ही हौस होती. हौसेसाठी स्टो पाठीवर न्यावा, एवढं तरी मला त्या दिवशी पटलं. मग प्रश्न आला, कोणता?

आता स्वीडनकडे जाऊ. तिथे का, ते कळेल.

डोंगरात, बर्फात नेण्याजोगा स्टो ही कल्पना जिथे लाकूडच नाही तिथे जन्मली. 1888 साली फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या माणसानं सहा जणांच्या तुकडीनं ग्रीनलंड आडवं ओलांडलं. सगळीकडे बर्फ. प्यायला पाणी हवं तर आधी बर्फ वितळवा. त्यानं एक कुकर तयार केला होता. मधे स्पिरिटचा दिवा, त्यावर भांडं, आणि भांड्याच्या बाजूनं वर जाणारी गरम हवा वाया जाऊ नये म्हणून भोवती आणि वर बर्फ भरायची आणखी भांडी. एकाच जाळावर जेवणही होतं आणि पाणीही. पाठीवर किंवा ढकलगाडीवर ओढून न्यायचं प्रत्येक इंधन मोजून मापून वापरायचं, हा विचार तिथून सुरू झाला.

चारच वर्षांनी, 1892 साली, स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं रॉकेलचा पंपाचा स्टो बनवला. नाव ठेवलं प्रायमस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पहिला. आता हे नाव ऐकल्यावर तुमच्या आजीला विचारा, ती हसेल. आपल्याकडे कितीतरी घरांत पंपाच्या स्टोला सरसकट प्रायमसच म्हणायचे. त्याची करामत अशी की त्याला वात नाही. टाकीत पंपानं हवा भरायची, दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळी जळते. काजळी जवळजवळ नाही. नान्सेन 1895 साली फक्त एका सोबत्याला घेऊन उत्तर ध्रुवाच्या दिशेनं निघाला तेव्हा त्याच्याकडे प्रायमस होता. अमुंडसेनकडे होता, स्कॉटकडेही होता.

स्कॉटची गोष्ट इथे थोडी थांबून सांगतो. 1912 च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती मेले. पुढचा मोठा साठा जेमतेम 11 मैलांवर होता. उपासमार, थंडी, वादळ, कारणं अनेक. पण त्यातलं एक म्हणजे, वाटेत ठेवलेल्या डब्यांमधलं रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी निघत गेलं. डब्यांच्या झाकणाला चामड्याची वायसर होती, कडाक्याच्या थंडीत ती आटली आणि तिथून इंधन उडून गेलं. अमुंडसेननं त्याचे डबे डाग देऊन पक्के बंद केले होते. स्टो दोघांचा सारखाच. फरक डब्याच्या झाकणात.

चामड्याची वायसर म्हटल्यावर मला आमच्या आजीचा स्टो आठवतो. पितळी, तीन पायांचा, चिंचेनं घासून लखलखीत. पंपाच्या दांड्याला आत चामड्याची वायसर, ती सुकली की पंप हवा पकडेना, मग आजी तिला गोड तेलाचं बोट लावायची. पेटवायला काकडा, भोक बुजलं की पिन. "पिन मार रे पोरा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही नळ अडकला तरी तेच तोंडात येतं. रॉकेल रेशनच्या रांगेतून यायचं. शब्दाची गंमत बघा, रॉक ऑइलचं झालं रॉकेल आणि गॅसलाइटचं झालं घासलेट.

पण त्या स्टोची दुसरी बाजूही होती, ती गाळून इतिहास सांगणं बरोबर नाही. जुनी वर्तमानपत्रं चाळा. 'स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी पुन्हा पुन्हा दिसते. काही अपघात खरेच होते. स्टो गरम असताना रॉकेल भरलं, पंप जास्त मारला, पिन मारताना तोंड जवळ नेलं. पण कित्येक वेळा भडक्याच्या नावाखाली खून लपवलेला असायचा, हे तेव्हाही गावाला माहीत असायचं. 1986 साली भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचं कलम 304 ब आलं, त्यामागे अशा बातम्यांचा ढीग होता. आमची आई लग्न होऊन आली तेव्हा आजीनं पहिल्या दिवशी तिला सांगितलं होतं, "स्टो मीच पेटवीन. तू पेटवू नको." आईला तेव्हा वाटलं, सासू स्वयंपाकघर सोडत नाही. कारण कळायला तिला काही वर्षं लागली.

हं. पुढे जाऊ.

एव्हरेस्टच्या बाबतीत स्टोनं किती फरक पाडला ते तेनझिंग नोर्गेच्या दोन वर्षांत दिसतं. मे 1952 मध्ये स्विस मोहिमेत तेनझिंग आणि रेमंड लँबर्ट 8,400 मीटरच्या आसपास एका तंबूत रात्रभर बसून राहिले. झोपायच्या पिशव्या नाहीत, स्टो नाही. डब्यात बर्फ घालून मेणबत्तीवर वितळवून घोट घोट पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे मीटर चढले आणि परतले. पुढच्या वर्षी 29 मे 1953 च्या पहाटे तेनझिंग एडमंड हिलरीबरोबर त्याहून उंच तंबूत होता, आणि आता सोबत स्टो होता. हिलरीचे बूट रात्रीत दगडासारखे गोठले होते, ते त्यानं स्टोवर धरून मऊ केले. दोघं साखर घातलेलं लिंबूपाणी पोटभर प्यायले आणि निघाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑक्सिजन, रस्ता, हवामान, सगळंच त्या वर्षी वेगळं होतं, मान्य. पण मेणबत्तीवर पाणी आणि स्टोवर पाणी यातला फरक तहानलेल्या माणसाला विचारा.

आता इथे थांबा आणि एक साधा हिशेब करू. पेन काढायची गरज नाही.

एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. तेनझिंगला बर्फापासून सुरुवात. बर्फ वितळवायला 80 आणि मग शून्यापासून शंभरपर्यंत 100, म्हणजे 180. आपण? मार्चमध्ये यवतमाळच्या बाटलीतलं पाणी तीस अंशांना असतंच. उकळायला हव्या फक्त 70. एप्रिलमध्ये तर बाटलीतलं पाणी चहाला निम्मं तयारच असतं, असं आमच्याकडे गमतीत म्हणतात.

म्हणजे यूट्यूबवरचा तो माणूस ज्या कारणासाठी महागडा स्टो घेतो, ते कारण आपल्याकडे नाहीच. त्याला बर्फ वितळवायचं आहे. त्याला उणे दहामध्ये गॅसची वाफ होते की नाही ही चिंता. आपल्याला चौघांचा चहा आणि रात्रीची खिचडी करायची आहे, आणि आपली चिंता सगळी उलटी. वारा, वाळलेलं पान आणि ऊन.

या डोळ्यांनी आता दुकानात जाऊ.

सगळ्यात हलका स्टो स्पिरिटचा. कोल्ड्रिंकच्या कॅनला खालून भोकं पाडून घरीही करतात, वजन वीस-तीस ग्रॅम. स्वीडनची ट्रँजिया कंपनी 1951 पासून भांडी, वाऱ्याचा आडोसा आणि स्पिरिटचा बर्नर असा एकच संच विकते, तो जगभर चालतो. स्पिरिटमध्ये उष्णता कमी, लिटरभर पाण्याला साधारण 22 ग्रॅम लागतं. तरी छोट्या सहलीला एकूण वजन बघितलं तर हाच जिंकतो. काट्यावर विचाराल तर मी हाच सांगेन. आणि यवतमाळच्या जंगलाकडेला मी हाच सांगणार नाही. कारण स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही. पेटलाय की विझलाय हे कळत नाही, विझला समजून वरून आणखी ओततात, आणि कलंडला तर जळतं पाणी पानांत पसरतं. तो म्हातारा माणूस दरवेळी बकऱ्या घेऊन तिथे असणार नाही.

दुसरा पर्याय गोळ्यांचा. 1936 साली जर्मनीत एरिक शुमनं हेक्सामाइनची घन इंधनाची गोळी काढली, एस्बिट नावानं ती आजही मिळते. सैन्याच्या शिध्यात ही गोळी आणि पत्र्याची घडीची शेगडी जगभर गेली. आपल्याकडेही ट्रेकिंगच्या दुकानात मिळते. सांडत नाही, कलंडली तर उचलता येते, वर्षानुवर्षं टिकते. वास येतो, पातेल्याच्या बुडाला चिकट काळं बसतं, आणि आच कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे खिचडी करपते. दोघांच्या चहाला उत्तम. माझ्या बॅगेत चार गोळ्या कायम असतात, मुख्य स्टो दगा देईल तेव्हासाठी.

रॉकेलचा विचार मी सोडला, जड मनानं सोडला. आजीचा स्टो रिकामाच किलोच्या पुढे, आणि रॉकेल आता शोधूनही मिळत नाही. हिमालयात, उंचावर, त्याला अजून मान आहे. 1973 साली सिअॅटलच्या एमएसआर कंपनीनं बर्नर आणि इंधनाची बाटली वेगळी करून मधे नळी टाकली, तेव्हापासून अशा स्टोला आजीच्या स्टोची अमेरिकन नात म्हणायला हरकत नाही. पंप तोच, तापवणं तेच. इकडे त्याचं काम नाही.

राहिला गॅस. 1949 साली फ्रान्समध्ये कँपिंगाझ सुरू झाली आणि छोट्या डब्यातला गॅस सहलीला जाऊ लागला. आज आपल्याला दोन तऱ्हेचे कॅन दिसतात. एक बसका, वर आटे असलेला, त्यावर मुठीएवढा बर्नर फिरवून बसवायचा. दुसरा लांबट, हेअर स्प्रेसारखा, टेबलावरच्या पसरट शेगडीत आडवा बसतो. त्याला छोटा जोड लावून बसक्या कॅनचा बर्नरही चालवतात. लांबट कॅनमध्ये बहुतेक ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळपास वाफ व्हायचा थांबतो, म्हणून व्हिडिओवाले त्याला नाकं मुरडतात. अरे बाबा, तुझ्या शून्य अंशाचं आम्ही काय करू? आमच्या डिसेंबरच्या पहाटेलाही तो झकास चालतो. बसक्या कॅनमध्ये आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेला असतो, त्याचे जास्तीचे पैसे थंडीसाठी द्यायचे. लडाखला जायचं असेल तर द्या.

गॅसवर लिटरभर पाण्याला 12-13 ग्रॅम पुरतात. चौघांच्या दोन दिवसांना आठ लिटर धरलं तर शंभर ग्रॅम. 230 ग्रॅमचा कॅन, त्याचं दीडशे ग्रॅमचं रिकामं पत्र्याचं वजन आणि शंभर ग्रॅमचा बर्नर, अर्धा किलोच्या आत सगळं. स्पिरिटपेक्षा दुप्पट जड. पण जाळ दिसतो, ऐकू येतो, आणि मूठ फिरवली की त्या क्षणी विझतो. मला हे त्या दुप्पट वजनाच्या लायकीचं वाटतं.

फक्त ऊन. कॅनवर लिहिलेलं असतं, 50 अंशांच्या वर नेऊ नका. मे महिन्यात यवतमाळ पंचेचाळीसला जातं, आणि बंद गाडीत त्याहून किती, ते गाडीचं दार उघडताना तुम्हाला कळतंच. कॅन गाडीत ठेवून जाऊ नका. वारा अडवायला बर्नरच्या चारही बाजूंनी पत्रा लावतात, तेही नको, खालचा कॅन तापतो. एका बाजूनं आडोसा पुरे. आणि तंबूत पेटवू नका, थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी आणखी एक. कॅन रेल्वेत आणायचा नाही. रेल्वे कायदा 1989, कलम 164, ज्वलनशील वस्तू नेली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बर्नर आणा, धामणगावला उतरा, कॅन इथल्या मित्राला आधी मागवून ठेवायला सांगा. मला यवतमाळच्या बाजारात लांबट कॅन अधूनमधून दिसलाय, बसका अजून एकदाही नाही.

आणि टिपेश्वरला जाणार असाल तर हे सगळं घरीच ठेवा. तिथे पायी फिरायला मनाईच आहे, सफारीच्या गाडीतून फिरायचं. सुमारे 148 चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यातून पायी लांब गेलेला एकच माहीत आहे. 2019 साली तिथला एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ निघाला आणि फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास चाल. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. बिनस्टोचा ट्रेकर.

बिनस्टोचं म्हटल्यावर, आपल्याकडे चालणारी माणसं काय खायची? पुसद, दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत. बैलांवर धान्य आणि मीठ लादून या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातला. आणि आपल्या शेतात रोडगे होतात ते तर तुम्ही खाल्लेच असतील. कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. रोडग्याला भांडं लागत नाही, स्टो लागत नाही. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, शेतातलंच इंधन. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडलेलेच असतात. पाठीवर शून्य ग्रॅम. हां, जागा मोकळी हवी, खळ्यासारखी, आणि मालकाची परवानगी. मार्च ते जून मी तर तेही करत नाही. तेव्हा शिदोरी. दुधात भिजवलेल्या दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस आरामात. चहा नसला की डोकं दुखतं, ते सहन करायचं.

मागच्या जानेवारीत पुन्हा त्याच शेतावर गेलो. या वेळी टेकडीवर काही पेटवलं नाही. खाली खळ्यात गॅसचा बर्नर काढला, कॅनवर फिरवला, चहा ठेवला. तो बकऱ्यावाला म्हातारा आलाच. आमची ओळख त्याला पटली की नाही कोण जाणे, मी तरी आठवण करून दिली नाही. तो वाकून बर्नरकडे बघत बसला, मुठीत घेऊन वजन केलं, परत ठेवला.

"येवढ्यावर भाकर होते का?"

म्हटलं, "नाही होत, आजोबा. चहा होते."

तो खळ्याच्या कडेला गेला, गोवऱ्या रचायला लागला. संध्याकाळी आम्ही चौघांनी त्याचे रोडगे खाल्ले, त्यानं आमचा चहा दोनदा घेतला.

पांढरकवड्याच्या भावाला मी उत्तर पाठवलंय, छोटा गॅस बर्नर घे, दोन-चार गोळ्या ठेव. तुमच्यापैकी कुणाच्या घरी पितळी स्टो अजून असेल तर फोटो पाठवा, आणि तो शेवटचा कधी पेटला होता तेही आजीला विचारून लिहा. पुढच्या रविवारी भेटू.